झाडांमधले गोल्फ: बडोद्याच्या पार्कलँड मैदानावर पहिल्यांदा खेळताना

बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, हे दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. परंतु तिथे प्रत्यक्ष खेळायला उतरल्यावर काय वाट्याला येते, याची कल्पना फार थोड्यांना असते. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९३० च्या दशकात आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी हे मैदान तयार करवून घेतले. पुढे १९९० च्या दशकात त्यांचे नातू आणि रणजी करंडक खेळलेले क्रिकेटपटू समरजितसिंह गायकवाड यांनी त्याचे नूतनीकरण करून ते लोकांसाठी खुले केले. गोल्फच्या परिभाषेत अशा मैदानाला पार्कलँड म्हणतात. या प्रकारच्या मैदानाचा स्वभाव नीट समजून घेतला, तर नवख्या माणसाचा पहिला दिवस वैतागात न जाता आनंदात जातो. माझ्या मते त्या स्वभावाचा गाभा एकच आहे: झाडांमधल्या मैदानावर चेंडू किती लांब गेला याला दुय्यम महत्त्व असते, आणि पुढचा फटका कुठून व कशा जमिनीवरून खेळायला मिळणार, यावर सगळा हिशेब ठरतो.

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर. तिथल्या मैदानांना लिंक्स म्हणतात. जमीन वाळूमिश्रित असल्यामुळे पाणी लगेच जिरते, झाडे फारशी नसतात, वारा सतत वाहत असतो, आणि म्हणून चेंडू जमिनीलगत ठेवून दूरवर घरंगळत नेणे हे तिथले मुख्य कौशल्य असते. पार्कलँड मैदान समुद्रापासून दूर, भारी मातीवर आणि मोठ्या वृक्षांच्या सोबतीने घडवलेले असते. इथे चेंडू हवेतून न्यावा लागतो, तो पडल्यावर फारसा घरंगळत नाही, आणि वाऱ्याऐवजी झाडे खेळाडूची परीक्षा घेतात. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल, जिथे १९३४ पासून मास्टर्स ही स्पर्धा भरते, ते या प्रकारातले जगात सर्वाधिक परिचित मैदान आहे. बडोद्याच्या मैदानाला तर ‘उद्यानातले मैदान’ हे वर्णन अक्षरशः लागू पडते, कारण १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीच्या बागांची आखणी लंडनजवळच्या क्यू उद्यानातून आलेले तज्ज्ञ विल्यम गोल्डरिंग यांनी केली होती. गोल्फ त्या आवारात कित्येक दशकांनंतर आले. कमाटी बागेच्या हिरवळीवर उभे राहून दूरच्या एखाद्या ठरावीक झुडपापर्यंत, मधल्या झाडांना न शिवता, चेंडू पोहोचवायचा आहे असे मनात आणले, तर या खेळाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिलेच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. पूर्ण फेरी अठरा होलची, म्हणजे आरंभाच्या जागेपासून खळीपर्यंतच्या अठरा टप्प्यांची, असते. लहान स्थानिक मैदानांवर बहुधा त्याहून कमी होल असतात आणि तीच पुन्हा खेळून फेरी पुरी करतात. प्रत्येक होलचा आरंभ जिथून होतो ती सपाट जागा म्हणजे टी, मधला आखूड कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढलेले गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटचे गालिच्यासारखे कापलेले गवत म्हणजे ग्रीन. त्या ग्रीनवर १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळीत चेंडू जायला हवा. चांगल्या खेळाडूला एखाद्या होलसाठी जितके फटके लागावेत असे अपेक्षित असते, त्या संख्येला पार म्हणतात. पुरुषांसाठी पार तीनचे होल साधारणपणे २६० यार्डांपर्यंत, पार चारचे २४० ते ४९० यार्डांचे आणि पार पाचचे ४५० यार्डांपासून पुढे असते. नवख्याने पारच्या दुप्पट फटक्यांत होल पुरे केले तरी त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो, तो म्हणजे झाडे. टीवर उभे राहिल्यावर समोर दोन्ही बाजूंच्या झाडांमधून गेलेली एक वाट दिसते आणि मनात पहिला विचार येतो तो जोरात मारण्याचा. इथे थोडे गणित उपयोगी पडेल. फेअरवे ४० यार्ड रुंद आहे असे धरू, म्हणजे मध्यापासून त्याची कड २० यार्डांवर आहे. तुमचा चेंडू ठरवलेल्या दिशेपासून सहा अंशांनी चुकला आणि १५० यार्ड गेला, तर तो मध्यापासून सुमारे १६ यार्ड बाजूला पडतो आणि फेअरवेवरच राहतो. तोच चेंडू, तीच सहा अंशांची चूक घेऊन, २२० यार्ड गेला, तर तो सुमारे २३ यार्ड बाजूला जातो आणि रफमध्ये किंवा झाडांच्या रांगेत शिरतो. चूक वाढलेली नसते, फक्त अंतर वाढलेले असते. म्हणूनच दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर, जिथे फेअरवेच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे, तिथे व्यावसायिक खेळाडूसुद्धा अनेक होलवर ड्रायव्हर ही सर्वांत लांब मारणारी काठी पिशवीतच ठेवतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक हिची गणना लांब फटके मारणाऱ्या खेळाडूंमध्ये होत नव्हती. तिने तो क्रमांक मिळवला तो सरळ खेळावर आणि विशेषतः ग्रीनवरच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच खळीकडे घरंगळवण्यावर. बडोद्यासारख्या ठिकाणी खेळू पाहणाऱ्या सामान्य माणसाने डोळ्यांसमोर ठेवावे असे याहून चांगले उदाहरण मला तरी दिसत नाही.

बडोदे हे क्रिकेटचे गाव आहे. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध केलेली ५७७ धावांची भागीदारी याच शहरात झाली, आणि इथल्या बहुतेक पुरुषांच्या हातांना बॅटची सवय लहानपणापासून असते. ही सवय गोल्फमध्ये काही बाबतींत मदत करते, परंतु एका बाबतीत अडचण करते. क्रिकेटमध्ये चेंडू चारी दिशांना मारता येतो आणि बॅटच्या कडेला लागून स्लिपमधून गेलेल्या चेंडूलाही चार धावा मिळतात. गोल्फमध्ये एकच अरुंद दिशा ग्राह्य असते. शिवाय क्रिकेटपटूच्या मनगटांना बॅटचा दर्शनी भाग उघडा ठेवण्याची सवय असते. तसे गोल्फच्या काठीचे तोंड उघडे राहिले, की उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू हवेत वळत उजवीकडे जातो. त्याला स्लाइस म्हणतात, आणि नवख्यांचे जवळपास सगळे चेंडू उजवीकडच्या झाडांतच का सापडतात, याचे उत्तर त्यातच आहे. हे एका दिवसात सुटत नाही. टीच्या उजव्या टोकाला उभे राहून फेअरवेच्या डाव्या अर्ध्याकडे रोख धरावा आणि वळण्याला जागा ठेवावी, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून करता येते.

चेंडू झाडाखाली गेला, तर काय? पार्कलँड मैदानावरचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच असतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक लोक तो चुकीचा घेतात. दोन खोडांमधून ग्रीनची एक फट दिसते आणि त्या फटीतून चेंडू काढण्याचा मोह होतो. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो. बोटाएवढ्या फांदीला लागला तरी त्याची दिशा बदलते, आणि खोडाला लागला तर तो मागे येतो किंवा अधिक दाट जागी जातो. त्याऐवजी जवळच्या मोकळ्या बाजूने, मग ती आडवी असो वा थोडी मागे, चेंडू फेअरवेवर काढला, तर एका फटक्याची किंमत मोजून पुढचा फटका स्वच्छ मिळतो. फटीतून मारण्याचा प्रयत्न फसला, तर दोन किंवा तीन फटके जातात आणि तरीही चेंडू झाडाखालीच राहतो. फांद्यांखालून चेंडू काढण्याचा फटका शिकायला सोपा आहे. पाच किंवा सहा नंबरचे आयर्न (धातूच्या चपट्या तोंडाची, मधल्या अंतराची काठी) घ्यावे, चेंडू उजव्या पायाच्या जवळ ठेवावा, हात चेंडूच्या पुढे ठेवावेत, आणि काठी कमरेच्या उंचीपर्यंतच मागे नेऊन तेवढीच पुढे न्यावी. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीने निघून पुढे घरंगळतो. सरावाच्या जागेवर ड्रायव्हर मारत बसण्यापेक्षा हा एक फटका घोटून घेतलेला अधिक उपयोगी पडतो.

झाडाखालची जमीनही वेगळी असते, आणि त्याचे कारण गवतात आहे. आपल्याकडच्या उष्ण हवामानात गोल्फच्या मैदानांवर प्रामुख्याने ज्याला इंग्रजीत बर्म्युडा ग्रास म्हणतात ते गवत लावतात. हे गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा; ग्रीनसाठी तिच्या बारीक पात्यांच्या संकरित जाती वापरतात. हरळीला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते आणि मरते, म्हणून जुन्या मोठ्या झाडांखाली बहुधा उघडी, टणक जमीन आणि पाचोळा असतो. उघड्या जमिनीवर काठी चेंडूच्या आधी टेकली तर ती उसळून चेंडूच्या मध्यावर आदळते आणि चेंडू सुसाट पलीकडे जातो. त्यामुळे तिथे आधी चेंडू आणि मग जमीन हा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. रफमधली हरळी याच्या नेमकी उलट त्रास देते: चेंडू पात्यांमधून खाली बसतो, काठी आत जाताना गवत तिच्या मानेभोवती गुंडाळते आणि तिचे तोंड फिरते. अशा वेळी लांबीचा विचार सोडून नऊ नंबरचे आयर्न किंवा वेज (चेंडू उंच उडवणारी, आखूड अंतराची काठी) घ्यावी, पकड थोडी घट्ट करावी आणि वरून खाली उतरता फटका मारावा.

झाडाखालच्या नियमांविषयी लोकांमध्ये बरेच गैरसमज आहेत, म्हणून तिथे थोडे थांबतो. गोल्फचे नियम सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात, आणि २०१९ मध्ये त्यांत मोठे बदल झाले. झाडाला लागलेली, जिवंत वा वाळलेली फांदी मोडणे, वाकवून अडकवणे किंवा पायाखाली दाबून ठेवणे निषिद्ध आहे. फटक्यांची मोजदाद होणाऱ्या खेळात त्याबद्दल दोन फटक्यांचा दंड आहे. गळून पडलेली पाने, काटक्या, चिंचेच्या शेंगा, मोराचे पीस हे मात्र सुटे नैसर्गिक पदार्थ ठरतात आणि ते बाजूला करता येतात. फक्त ते करताना चेंडू हलला, तर एक फटक्याचा दंड बसतो आणि चेंडू मूळ जागी परत ठेवावा लागतो. बडोद्यात जानेवारीत, उत्तरायणानंतर, झाडांखाली कटलेले पतंग आणि मांजाचे गुंते पडलेले असतात. ते मानवनिर्मित असल्यामुळे त्यांना वेगळा नियम लागू होतो: ते उचलताना चेंडू हलला तरी दंड नाही, चेंडू परत जागेवर ठेवून खेळायचा. पान आणि पतंग यांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मांजा हाताने ओढण्याऐवजी काठीने बाजूला करावा, कारण काचेच्या भुकटीने बोट कापले तर फेरी तिथेच संपते.

चेंडू अशा जागी अडकला की खेळताच येत नाही, तर तो खेळण्यायोग्य नसल्याचे जाहीर करण्याचा अधिकार खेळाडूला आहे. त्यासाठी एक फटका दंड आणि तीन पर्याय आहेत. आधीच्या जागेवरून पुन्हा मारता येते. चेंडू व खळी यांच्या सरळ रेषेत मागे हवे तितके जाता येते. किंवा चेंडूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, खळीच्या अधिक जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. २०१९ पासून हा चेंडू खांद्यावरून नव्हे, तर गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा असतो. चेंडू फांद्यांच्या बेचक्यात वर अडकलेला दिसत असेल आणि तो आपलाच आहे हे ओळखता येत असेल, तर त्याच्या बरोबर खालची जमिनीवरची जागा मोजमापासाठी धरतात.

चेंडू सापडलाच नाही तर नियम अधिक कठोर आहे. शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, आता तीन मिळतात. त्यानंतर तो हरवलेला मानला जातो आणि एक फटका दंड घेऊन आधीच्या फटक्याच्या जागेवर परत जावे लागते. मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुणांच्या पलीकडे गेलेल्या चेंडूलाही हेच लागू होते. म्हणून फटका झाडीत शिरताना दिसला, की लगेच सोबत्यांना ‘मी प्रोव्हिजनल मारतो आहे’ असे स्पष्ट सांगून दुसरा, तात्पुरता चेंडू खेळून ठेवावा. हे न सांगता मारलेला दुसरा चेंडू अधिकृत ठरतो आणि पहिला सापडला तरी बाद होतो. मैत्रीच्या खेळासाठी मैदानाची समिती एक सवलतीचा स्थानिक नियम लागू करू शकते. त्यानुसार दोन फटके दंड घेऊन चेंडू हरवला त्या जागेच्या जवळ, फेअरवेच्या कडेला, नवा चेंडू टाकता येतो. हा नियम लागू आहे का, हे पहिल्या टीवरच विचारून घ्यावे. त्याने सगळ्यांचाच वेळ वाचतो.

ग्रीनवर पोहोचल्यावर झाडांची भीती संपते, पण हरळी तिथेही आपले काम करत असते. तिची पाती एका बाजूला झुकून वाढतात, आणि त्या झुकावाला ग्रेन म्हणतात. चेंडूच्या मागे उभे राहून खळीकडे पाहिल्यावर गवत चकाकते आहे असे दिसले, तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत आणि चेंडू वेगाने जाणार. गवत काळपट दिसले, तर पाती तुमच्याकडे झुकलेली आहेत आणि चेंडू अडणार. खळीची कड जवळून पाहिली, तर एका बाजूचे गवत स्वच्छ कापलेले आणि विरुद्ध बाजूचे किंचित विस्कटलेले दिसते. विस्कटलेल्या बाजूकडे पाती झुकलेली असतात. उतार आणि ग्रेन एकाच दिशेला असतील, तर चेंडू अपेक्षेपेक्षा बराच अधिक वळतो. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या परदेशी ग्रीनच्या तुलनेत स्थानिक मैदानांची ग्रीन बहुधा संथ असतात, आणि सकाळी दव असताना अधिकच संथ. त्यामुळे पहिल्या काही होलवर चेंडू खळीच्या अलीकडे थांबतो. खेळ सुरू करण्यापूर्वी सरावाच्या ग्रीनवर दहा मिनिटे लांब पटिंग केले, तर हा अंदाज लवकर येतो. खळीतला झेंडा आता काढलाच पाहिजे असे नाही. तो तसाच ठेवून पटिंग करता येते.

हंगामानुसार हे मैदान इतके बदलते, की जूनमध्ये शिकलेले जानेवारीत जसेच्या तसे लागू होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. हवा थंड असते, गवताची वाढ मंदावते, रफ बेताची असते आणि जमीन कोरडी असल्यामुळे चेंडू जरा अधिक घरंगळतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सहा-साडेसहाला खेळ सुरू करून नऊच्या आत घरी परतणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात मात्र सगळाच कायापालट होतो. आपल्या भागातली काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो, आणि हरळी एका आठवड्यात घोट्यापर्यंत वाढते.

परंतु पावसाळ्यासाठी नियमांमध्ये पुष्कळ सवलती आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे लोक विनाकारण चिखलातून मारत बसतात. चेंडू आपल्याच आघाताने जमिनीत रुतला असेल आणि तो बंकरमध्ये किंवा दंड क्षेत्रात (पाण्यासारख्या, खुणांनी आखलेल्या भागात) नसेल, तर दंडाशिवाय उचलून, पुसून, जवळच एका काठीच्या अंतरात टाकता येतो. चेंडूखाली किंवा पायांखाली साठलेले पावसाचे पाणी दिसत असेल, तर तिथूनही फुकट सुटका मिळते. पाणी बंकरमध्ये साठले असेल, तर सुटका बंकरच्या आतच घ्यावी लागते. बाहेर काढायचा असेल, तर एक फटका दंड. पुष्कळ ठिकाणी समिती पावसाळ्यात फेअरवेवरचा चेंडू उचलून, स्वच्छ करून जवळच ठेवण्याची मुभा देते. विजा चमकू लागल्या, तर कोणी सांगण्याची वाट न पाहता खेळ थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो वापरावा. अशा वेळी आडोसा म्हणून मोठ्या झाडाखाली उभे राहणे हे सर्वांत धोक्याचे आहे. थेट इमारतीत जावे.

झाडे आली की प्राणीही येतात. विश्वामित्रीतल्या मगरींमुळे बडोद्याच्या माणसाला शहरात वन्यजीव असण्याचे नवल नाही. गोल्फच्या नियमांनीही याचा विचार केलेला आहे. विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या, मगरीसारखे प्राणी चेंडूजवळ असतील आणि खेळल्यास गंभीर इजा होण्याचा संभव असेल, तर दंड न घेता सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो. आपल्याकडे याचा खरा उपयोग होतो तो उंच झाडांवरच्या आग्या मोहोळांच्या बाबतीत. पोळे दिसले, तर त्या झाडाखाली काठी आपटू नये, चेंडूवर पाणी सोडावे आणि बाजूला व्हावे. घुशी, मुंगूस यांच्या बिळात चेंडू गेला, तरी फुकट सुटका मिळते. थांबलेला चेंडू माकडाने किंवा कुत्र्याने पळवला आणि ते कोणी पाहिलेले असेल, तर दुसरा चेंडू मूळ जागी ठेवून दंडाशिवाय खेळायचा.

सामानाविषयी फार सांगण्यासारखे नाही. नियमाप्रमाणे चौदा काठ्या नेता येतात, परंतु झाडांमधल्या लहान मैदानावर नवख्याला सात पुरतात: एक हायब्रिड (लांब अंतरासाठीची, मारायला सोपी काठी), पाच, सात आणि नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटिंगसाठी पटर. या काठ्या उसन्या किंवा भाड्याने मिळाल्या, तर आधी विकत घेऊ नयेत. कॉलरचा शर्ट आणि गोल्फचे किंवा सपाट तळाचे बूट अपेक्षित असतात. टी टाइम (खेळ सुरू करण्याची नेमून दिलेली वेळ) आणि ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) यांची चौकशी आधी फोनवर करावी.

कॅडीविषयी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाविषयी, मात्र आवर्जून लिहावेसे वाटते. झाडांमधल्या मैदानावर त्याच्यासारखा जाणकार दुसरा नाही. कोणत्या झाडाच्या डाव्या बाजूने रोख धरायचा, कोणत्या ठिकाणी जमीन दिसते त्यापेक्षा अधिक उतरती आहे, झाडीत शिरलेला चेंडू बहुधा कुठे थांबतो, हे त्याला रोजच्या वावराने माहीत असते. वयाने मोठा कॅडी तुम्हाला ‘साहेब’ म्हणेल. तुम्हीही त्याला ‘काका’ किंवा ‘भाई’ म्हणून, अहो-जाहो करूनच बोलावे. फटका मारण्यापूर्वी ‘काका, कुठून काढू?’ असे विचारले, तर तो बहुतेक वेळा आडवे काढायला सांगतो, आणि ते ऐकण्यातच फायदा असतो. त्याचा मोबदला आधी ठरवून घ्यावा आणि खेळ संपताच द्यावा. याच आदराचा दुसरा भाग मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्यांशी निगडित आहे. काठीने उखडलेला गवताचा तुकडा परत बसवावा किंवा त्या जागी वाळू भरावी, ग्रीनवर चेंडू पडून झालेला खळगा दुरुस्त करावा, बंकरमधून निघताना आपल्या पावलांवरून दाताळे फिरवावे. माळी पुढे काम करत असेल, तर तो बाजूला होऊन हात वर करेपर्यंत थांबावे, आणि चेंडू कोणाच्याही दिशेने वळला तर संकोच न करता मोठ्याने ‘फोर!’ ओरडावे.

वेगाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. चौघांच्या गटाला अठरा होलसाठी चार ते साडेचार तास लागतात, आणि झाडांमधल्या मैदानावर वेळ जातो तो चेंडू शोधण्यात. प्रत्येकाने दुसऱ्याचा फटका कुठे गेला हे नजरेने टिपून एखाद्या खोडाची खूण धरली, तर शोध पुष्कळ कमी होतो. मागचा गट वाट पाहत असेल, तर त्याला हात करून पुढे जाऊ द्यावे.

खेळाची गोडी लागली, की हँडिकॅप, म्हणजे आपल्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा आकडा, काढून घ्यावा. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू आहे, आणि त्यामुळे नवखा आणि मुरलेला खेळाडू एकमेकांशी बरोबरीने खेळू शकतात. पहिला हँडिकॅप मिळण्यासाठी एकूण ५४ होलची, म्हणजे अठराच्या तीन किंवा नऊच्या सहा फेऱ्यांची, सहखेळाडूने सही केलेली कार्डे जमा करावी लागतात. कमाल हँडिकॅप ५४ आहे, तेव्हा आपण त्यास पात्र नाही असे कोणीही समजू नये. या पहिल्या कार्डांमध्ये कोणत्याही होलवर पार अधिक पाच याहून मोठा आकडा धरला जात नाही. म्हणून पार चारच्या होलवर झाडांमध्ये अडकून आठ फटके झाले आणि चेंडू अजून खळीत गेला नसेल, तर पुढचा एकच प्रयत्न करावा, तोही चुकला तर चेंडू उचलावा, कार्डावर नऊ लिहावेत आणि पुढच्या टीकडे चालू लागावे.